वरच्या नळाचं पाणी

सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या की आमच्या वाशिमकडच्या रस्त्यांना एक ओला, हिरवट, किंचित कडवट वास येतो. पानं अजून पिवळी पडलेली नसतात, पण आता ती पडणार हे सगळ्यांनी मनात धरलेलं असतं. महिन्यापूर्वी आभाळाकडे 'ये' म्हणून पाहणारी माणसं आता त्याच आभाळाकडे 'पुरे' म्हणून पाहतात. बांधावरचं गवत गुडघ्याला लागतं, चपलेचा तळ चिखलाने दुप्पट जाड होतो, आणि दुपारच्या ढगांचा रंग न धुतलेल्या तव्यासारखा असतो. या दिवसांत मला अधूनमधून सायरन ऐकू येतो. खरा नसतो. कधी पिठाच्या गिरणीचा पट्टा किंचाळतो, कधी घाटात एखाद्या ट्रकचा हॉर्न अडकून राहतो. तरी मी गाडी बाजूला घेतो, काच खाली करतो आणि आवाज कुठून येतोय यापेक्षा तो ऐकून माणसं कुठे निघाली असतील याचा विचार करत बसतो.

माझा धंदा असा आहे की तो सांगितल्यावर समोरचा माणूस विषय बदलून मुलाबाळांची चौकशी करतो. गावावर संकट आलं तर काय करायचं आणि ते ओसरल्यावर पुन्हा उभं कसं राहायचं, याच्या योजना मी सल्लागार म्हणून तपासतो. कुणी बंधारा बांधतं, कुणी सभागृह बांधतं. मी ते बांधलं का आणि बांधून कुणाचं काय झालं, हे विचारत फिरतो. बांधणाऱ्याचा फोटो निघतो, विचारणाऱ्याला चहा मिळतो. तक्रार नाही. चहा बहुतेक ठिकाणी चांगला असतो.

त्या वर्षी माझ्याकडे रिठद आणि केनवडच्या मधल्या पट्ट्यातली काही गावं होती. ज्या गावाबद्दल मी लिहितोय त्याचं नाव सांगत नाही. गावानेच तसं बजावलं आहे. उतारावरचं गाव. वर माथ्यावर शाळा आणि पाण्याची टाकी, खाली नाला, नाल्यावर रपटा. रपटा म्हणजे पूल होता होता राहिलेला रस्ता. पाणी आलं की तो त्याखाली जातो आणि ओसरलं की काही झालंच नाही अशा थाटात वर येतो. गावाच्या वरच्या अंगाला दोनेक कोसांवर तलाव. तो भरून सांडव्यावरून वाहू लागला की नाला थोड्याच वेळात फुगतो.

या गावाला एका संस्थेने आपत्ती योजना करून दिली होती. चकचकीत मुखपृष्ठ, आत नकाशे, बाणांचे रंग वेगवेगळे. एका पानावर असंही लिहिलं होतं की इशारा मिळताच मच्छीमारांनी होड्या किनाऱ्याला बांधून ठेवाव्यात. ज्या नाल्याच्या पात्रात उन्हाळ्यात बकऱ्या बसतात त्या नाल्याबद्दल हे होतं. मी ती ओळ वाचली, हसलो आणि पुढे गेलो. योजना तपासणाऱ्याने हसून पुढे जायचं नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं नाही. पण दिवसाला दोन गावं उरकायची होती.

योजनेबरोबर सायरन आला होता. टाकीपाशी खांबावर लावलेला लाल भोंगा, खाली पेटीत बटण. बटण दाबायचं काम प्रल्हाद खिल्लारेकडे. हा गावाचा पाणी सोडणारा माणूस. वय चाळिशीचं, राहायला खाली, विहाराच्या मागच्या गल्लीत, नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. टाकीखालच्या खड्ड्यातले व्हॉल्व्ह फिरवून कधी या वस्तीला, कधी त्या वस्तीला पाणी द्यायचं ही त्याची नोकरी. खांद्यावर भलीमोठी लोखंडी चावी, खिशात फडकं. बोलणं कमी. बोलला तर ते उत्तर नसून प्रश्नच असायचा.

वैशाखात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा समाजमंदिरात बायकांची बैठक झाली. पंखा होता, वीज नव्हती. माझ्या कागदावरचा प्रश्न होता: सायरन ऐकल्यावर तुम्ही काय करता? सगळ्यांत पुढे अंजनाकाकू बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, नाल्याकडच्या ओळीत एकट्या राहणाऱ्या, आणि कुणालाही बोलू न देणाऱ्या. त्या म्हणाल्या, "वाजला का आमी निंगतोच, बाप्पा. भाकर तव्यावर असली तं तशीच ठिवून निंगतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला इतकं बरं वाटलं की मी ते वाक्य जसंच्या तसं अहवालात घातलं. इशारा मिळताच लोक विनाविलंब घराबाहेर पडतात, सायरनची चाचणी दर आठवड्याला होते, जाणीवजागृती उत्तम. पाचपैकी पाच गुण.

घराबाहेर पडून कुठे जाता, हे मी विचारलं नाही. कागदावर तो प्रश्न नव्हता.

उत्तर श्रावणात मिळालं, मंडपात. सराव ठेवला होता. आपत्ती येणार म्हटल्यावर जितकी तयारी होत नाही तितकी तिच्या रंगीत तालमीला झाली होती. पांढऱ्या खोळींच्या खुर्च्या, नारळ, शाली, भोंग्याखाली फुलांची माळ. मंडप शाळेच्या मैदानात, कारण योजनेप्रमाणे सगळं गाव तिथेच येऊन पोचणार होतं. तालुक्याचे साहेब बोलले, संस्थेच्या मॅडम बोलल्या, एक गृहस्थ कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही पण तेही बोलले. मग प्रल्हादला खूण झाली आणि त्याने बटण दाबलं.

घरांची दारं उघडली. बायका खरोखर विनाविलंब बाहेर पडल्या. प्रत्येकीच्या कमरेवर गुंड, म्हणजे पितळी कळशी, डोक्यावर घागर, पोरींच्या हातात प्लॅस्टिकचे डबे. शाळेच्या अंगणात त्यांच्यापैकी एकही आली नाही. मंडपातून आम्हाला त्यांच्या पाठी दिसत होत्या. सगळं गाव लगबगीने खाली, नाल्याकडे चाललं होतं. साहेबांनी विचारलं, या कुठे निघाल्या? सरपंच खाली मान घालून म्हणाले, पाण्याले, साहेब.

नाल्याकाठी, रपट्याच्या तोंडाशीच खालचा नळ आहे. उतारामुळे जोर तिथेच लागतो. शाळेपाशीही एक नळ आहे, पण खालची पाइपलाइन चालू असली की त्याला थेंब येत नाही. आणि प्रल्हादला लेखी सूचना होती की सायरन दर आठवड्याला वाजवून पाहावा. तो पाणी सोडायला टाकीवर जायचा, तेव्हाच बटणही दाबायचा. एका फेरीत दोन कामं. पूर्वी गल्लोगल्ली ओरडत फिरावं लागे, तेही वाचलं. पाच-सहा महिन्यांत गावाचे कान तयार झाले. भोंगा वाजला म्हणजे खाली नळ आला. आम्ही बसवलेला इशारा माणसांना पुराच्या तोंडाशी नेऊन उभं करत होता, आणि त्याला मी पाचपैकी पाच दिले होते.

हल्ली प्रशिक्षणाच्या वर्गात मी हा प्रसंग सांगतो. एसी सभागृह, पाण्याच्या छोट्या बाटल्या, गळ्यात ओळखपत्रं. घागरींपर्यंत आलो की सगळे हसतात. मी हसू देतो. पुढचं सांगायला लागलो की बाटल्यांची झाकणं उघडण्याचा आवाजही थांबतो.

सरावानंतर मंडप उतरायच्या आत साहेबांनी लेखी हुकूम काढला. यापुढे पाणी सोडताना सायरन वाजवायचा नाही आणि सायरन वाजवून पाणी सोडायचं नाही. सायरन फक्त पुरासाठी. हयगय झाल्यास कामावरून कमी करण्यात येईल. प्रल्हादने सही केली. गावात दवंडी दिली गेली. लोकांनी ऐकली. ऐकणं आणि कानाला सवय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हुकमात मांडता येत नाही.

मग भाद्रपद. चार दिवस लागलेली झड. कपडे वाळत नव्हते, काडेपेटी पेटत नव्हती, भिंतींना हात लावला तर बोटं ओली होत. शेंगांना मोड येतील म्हणून लोक शेतात जाऊन उभे राहत. करण्यासारखं काही नसे, पण घरात बसवत नसे. मी नव्या हुकमाचा परिणाम तपासायला गेलो होतो. हुकूम असला की परिणाम असलाच पाहिजे, अशी आमच्या धंद्यात श्रद्धा आहे. तलाव काठोकाठ भरला होता. सांडव्यावरून अजून पाणी पडलं नव्हतं, पण पाखरं मात्र त्या बाजूचे दगड सोडून उठली होती, असं तलावाचा चौकीदार सांगत होता.

सकाळी टाकीखाली प्रल्हादने चहा आणला. स्टीलचा पेला, वर पुठ्ठ्याचा तुकडा झाकलेला, कारण पाऊस पेल्यात पडत होता. आम्ही टाकीच्या पोटाखाली उभे राहिलो. तो नाल्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "साहेब, खरं पाणी आलं तं दाबू का नोको?"

मी विचारलं, म्हणजे?

तो सावकाश सांगू लागला. दाबलं तर बाया खाली येतील. दवंडीनं कान बदलत नाहीत, त्याच्या स्वतःच्या घरची बाईसुद्धा परवा गिरणीच्या आवाजाला गुंड घेऊन उठली होती. न दाबलं तर योजना मोडली. पूर आला पूर आला म्हणून ओरडलं, तर पोरंसोरं, बाप्ये, सगळे पूर पाहायला रपट्यावर येऊन उभे राहतील, दरवर्षी राहतात. एकच वाट त्याला दिसत होती. खालचा व्हॉल्व्ह बंद करायचा, वरचा उघडायचा, भोंगा वाजवायचा आणि शाळेपाशी नळ आला म्हणून हाळी द्यायची. शाळेच्या नळाला पाणी आलं हे ऐकून घरात बसणारी बाई या गावात नाही. पण हे म्हणजे सायरन वाजवून पाणी सोडणं झालं. हुकमात नेमकं तेच करू नको म्हटलं होतं, आणि त्यावर त्याची सही होती. नोकरी गेली तर दुसरं काही नव्हतं. शेत नव्हतं, दोन पोरी शिकत होत्या.

"सांगा ना," तो म्हणाला. "तुमी तं याचंच पाहून राह्यले."

मला उत्तर ठाऊक होतं. चहाच्या दुसऱ्या घोटालाच ठाऊक झालं होतं. पण सल्लागाराने सल्ला दिला की तो त्याच्या नावावर चढतो, आणि चुकला तर तोच पहिला सापडतो. मी म्हणालो की परिस्थिती पाहून, वरिष्ठांशी बोलून, योजनेच्या चौकटीत निर्णय घ्यावा. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वापरलं आहे की ते बोलताना तोंडाला कसलीच चव लागत नाही. पेला परत दिला, चहा छान होता म्हणालो, आणि रपटा ओलांडून पलीकडच्या शेततळ्यांची मोजमापं पाहायला निघून गेलो.

दुपारी परतलो तेव्हा रपटा नव्हता.

म्हणजे असेल, पण त्याच्यावरून लालसर, जाड पाणी चाललं होतं. त्यात तुऱ्हाट्यांचे भारे, कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा, उपटलेली सोयाबीनची झाडं मुळांसकट. पुराला आवाज असतो हे सगळे सांगतात, वासही असतो. उकरलेल्या मातीचा, कुजक्या पानांचा, आणि मधेच डिझेलचा, कारण कुणाचं तरी इंजिन गेलेलं असतं. मी शेतांकडच्या काठावर उभा. समोर, गावाच्या काठावर खालचा नळ, त्याचा सिमेंटचा ओटा, मागे चढत गेलेली घरं. फोनला रेंज नव्हती. पाणी ओट्यापासून चार-पाच हातांवर होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक दगड बुडवत वर येत होतं.

आणि सायरन वाजला.

तो आवाज मी याआधी मंडपात माळेखाली ऐकला होता. पाण्यापलीकडून तो निराळाच वाटला, गुरासारखा. पहिलं दार उघडलं. मग दुसरं. बायका खाली येऊ लागल्या. डोक्यावर पोती पांघरलेल्या, कमरेवर गुंड. मी ओरडलो. हात हलवले. एकीने मला पाहिलं आणि तिनेही हात हलवला, ओळखीचे साहेब. त्यांनी घागरी ओळीत लावल्या. वीसेक असतील. नळाची तोटी फिरवली, पुन्हा फिरवली, तोटीला कान लावला. पाणी पाठीमागे तीन हातांवर, आणि सगळ्या त्या कोरड्या तोटीकडे पाहत उभ्या. दरवर्षी येतो तेवढाच नाला येईल, ओट्यापर्यंत कधी आला नाही, हा हिशेब त्यांच्या पाठींवरून मला वाचता येत होता.

वरून हाळी आली. शब्द माझ्यापर्यंत पोचले नाहीत, पण बायका वळल्या. एक पोरगी डबा घेऊन धावत सुटली आणि मग सगळ्याच, चिखलात घसरत, एकमेकींना मागे टाकत, चढावर. पुरापासून कुणी इतक्या वेगाने पळालं असतं असं मला वाटत नाही. शाळेच्या नळाला पाणी आलं होतं आणि पहिला नंबर लावायचा होता.

अंजनाकाकू मात्र तिथेच बसून राहिल्या. वरची बातमी खोटी निघाली तर खालचा नंबर जाऊ नये म्हणून ओळ राखायला कुणीतरी थांबायचं असतं. हा इथला रिवाज. घाईत ज्यांनी दुसरी घागर खाली सोडली होती, त्यांच्या सात-आठ घागरी आणि त्या. ओट्यावर, पदर घट्ट लपेटून. पाणी पहिल्या पायरीला लागलं. मी काय ओरडत होतो ते आठवत नाही. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. बाप्या माणसाने बायांच्या नळावर एवढं पाहू नये असं बहुधा त्यांना वाटलं असावं.

तेवढ्यात चढावरून प्रल्हाद उतरताना दिसला. तो धावत नव्हता, घसरतच येत होता. त्याने काकूंना हात धरून ओढलं नाही, समजावलंही नाही. आला, त्यांची स्वतःची तांब्याची घागर उचलली आणि ती खांद्यावर टाकून पाठ फिरवून चालू लागला. दोन क्षण काकू नुसत्या पाहत राहिल्या. मग उठल्या. कुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करताना माणूस किती चपळ चढू शकतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. तो पुढे, त्या मागे, आणि त्यांच्या मागे पाणी. ते तिसऱ्या घरापाशी पोचले तेव्हा ओट्यावरच्या घागरी एकेक करून तरंगल्या, एकमेकींवर आपटल्या आणि रांगेनेच वाहून गेल्या.

पुढचं ऐकलेलं. वर पोचून मागे वळून पाहिल्यावर बायकांना कळलं की खालचा नळ दिसत नाही. मग खरी धावाधाव झाली. दोन म्हातारे खाटेसकट वर आणले. बाकीची मुलं शाळेतच होती. नाल्याकडची चार घरं बसली, त्यांत एक प्रल्हादचं. माणूस एकही गेलं नाही. सगळं गाव शाळेच्या व्हरांड्यात, भरलेल्या घागरी शेजारी घेऊन बसलं होतं. पिण्याच्या पाण्याची चिंता नव्हती. कोणत्याही योजनेत इतकी व्यवस्था मी पाहिलेली नाही.

तरीही प्रल्हादला नोटीस आली. हुकूम लेखी, उल्लंघन उघड. सायरन वाजवून पाणी सोडलं होतं, आणि तेही पाळीचा दिवस नसताना. ग्रामपंचायतीच्या खोलीत चौकशी ठेवली. भिंतींना पुराची ओल होती, रजिस्टरं उन्हात उघडून वाळत घातलेली. तालुक्याचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना कागदावर एखादी अशी ओळ हवी होती जिला धरून हे प्रकरण मिटवता येईल. त्यांनी विचारलं की असं करायला कुणी सांगितलं होतं का?

मी म्हणालो, "मी सांगितलं होतं त्याला."

हे वाक्य मी वाटेत घोटून ठेवलं होतं. सल्लागाराने सल्ला दिला म्हटलं की हुकूममोडीचा प्रश्नच उरत नव्हता. साहेबांचा चेहरा सैल झाला. पेन कागदावर टेकलं.

"नाई, साहेब," प्रल्हाद म्हणाला. "यायनं काई सांगतलं नोतं. मी इचारलं, यायनं चहा पेला अन् निंगून गेले."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तो म्हणतो ते खरं आहे. मग जे त्या सकाळी बोलायचं होतं ते सगळं बोललो. भोंग्याला पाचपैकी पाच मी दिले, बाहेर पडून कुठे जाता हे मी विचारलं नाही, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असूनही मी ते दिलं नाही. साहेब म्हणाले, हे सगळं लिहून द्या. मी तिथेच, ओलसर कागदावर, हाताने लिहिलं. शाई फुटत होती. माझ्या आजवरच्या अहवालांत एकही तक्ता नसलेला तेवढाच.

साहेबांनी तो वाचला आणि पेन खाली ठेवून प्रल्हादला समजुतीच्या सुरात म्हणाले की हे असं वर पाठवलं तर तुझं काय होईल मी सांगू शकत नाही. त्यापेक्षा सल्ल्यावरून केलं एवढंच लिहू, सगळ्यांचं भागेल, यांचीही हरकत दिसत नाही.

प्रल्हादची नोकरी राहिली. ते आम्हाला महिनाभराने कळलं. त्या खोलीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याला तर मुळीच नाही. घर बसलेलं, बायको-पोरी शाळेच्या वर्गात राहत असलेल्या. त्याने खांद्यावरची व्हॉल्व्हची चावी काढून टेबलावर, साहेबांच्या कागदाशेजारी ठेवली.

"मले माह्या अकलेवर ठिवत असान तं ठिवा, साहेब," तो म्हणाला. "या साहेबायच्या नावावर ठिवलं, तं पुढच्या पाण्याले मी यायच्या सल्ल्याची वाट पायत बसन."